व्हरांड्यातील शॉट टायमर

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने संस्थापकांच्या आठवणी, शालान्त परीक्षेचे निकाल, वसतिगृहाचा विस्तार असे विषय सुचवले होते. त्या विषयांवर आमच्यापेक्षा अधिकाराने लिहिणारे सहकारी या अंकात आहेत. आम्ही इतिहास शिकवतो, आणि इतिहासाच्या माणसाला मोठ्या घटनांइतकाच लहान वस्तूंचा मोह असतो. तेव्हा एका लहान वस्तूविषयी लिहावे असे आम्ही ठरवले. ही वस्तू तळहातावर मावते. काळा प्लॅस्टिकचा डबा, वर एक लहानसा पडदा, चार बटणे, पाठीमागे पट्ट्याला अडकवण्याची क्लिप. तिचे नाव शॉट टायमर. आपल्या विद्यालयातील अनेक पालकांनी ती पाहिलेली नाही. तिच्यावरून झालेला वाद मात्र बहुतेकांनी ऐकलेला आहे, आणि ऐकीव वादापेक्षा लेखी नोंद बरी.

शॉट टायमर म्हणजे नेमबाजाचे घड्याळ. पण ते स्टॉपवॉचसारखे नाही. स्टॉपवॉच माणूस चालू करतो आणि माणूसच बंद करतो. त्यामुळे त्यात बोट दाबणाऱ्याचा एक-दोन दशांश सेकंदाचा आळस नेहमीच मिसळलेला असतो. शॉट टायमरमध्ये मायक्रोफोन असतो. बटण दाबल्यावर तो लगेच वाजत नाही. दोन, तीन, कधी चार सेकंद मुकाट राहतो, आणि ही मुदत दर वेळी बदलते, म्हणजे नेमबाजाला अंदाज बांधून आधीच हालचाल करता येऊ नये. मग ‘बीप’ होते. त्या क्षणापासून पहिल्या बाराच्या आवाजापर्यंतचा काळ तो सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत नोंदवतो; मग पहिल्या आणि दुसऱ्या बारामधला, दुसऱ्या आणि तिसऱ्यामधला, असा प्रत्येक मधला वेळ, आणि शेवटी एकूण वेळ. या मधल्या वेळाला नेमबाज ‘स्प्लिट’ म्हणतात. मराठीत त्याला शब्द रूढ नाही. आमच्या मुलांनी ‘मधला’ असा सुटसुटीत शब्द काढला आणि तोच आता वहीत लिहिला जातो.

या यंत्राचा जन्म ज्या खेळासाठी झाला तो आपल्याकडे फारसा परिचित नाही. अमेरिकेतील मिसुरी राज्यात कोलंबिया या गावी १९७६ साली एक आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. पिस्तूल घेऊन हालचाल करीत अनेक लक्ष्ये वेधण्याचा खेळ ती चालवते. तिचे ब्रीद लॅटिनमध्ये तीन शब्दांचे आहे: अचूकता, शक्ती, वेग. गुणांना वेळाने भागून जो आकडा येतो त्यावर तिथे क्रम लागतो. म्हणजे दहापैकी दहा गुण मिळवणारा सावकाश माणूस नऊ गुण मिळवणाऱ्या चपळ माणसाच्या मागे पडू शकतो. अशा खेळात सेकंदाच्या शंभराव्या भागालाही किंमत येते, आणि शिट्टी व स्टॉपवॉच यांवर भागेना म्हणून १९८०च्या दशकापासून इलेक्ट्रॉनिक टायमर रूढ झाला.

ऑलिंपिकमधील नेमबाजी निराळी. तिथे १० मीटर एअर रायफलीच्या प्राथमिक फेरीत ६० छर्रे झाडायला ७५ मिनिटे मिळतात. घाई नाही. लक्ष्यातील दहा गुणांचा ठिपका मात्र अवघा अर्धा मिलिमीटर व्यासाचा असतो, आणि छर्रा साडेचार मिलिमीटरचा. वेळेची खरी कसोटी पिस्तुलात लागते. पुरुषांच्या २५ मीटर रॅपिड फायर प्रकारात पाच लक्ष्यांवर पाच गोळ्या आधी आठ सेकंदांत, मग सहा, मग चार सेकंदांत झाडायच्या असतात. महिलांच्या २५ मीटर पिस्तुलाच्या जलद टप्प्यात सात सेकंद लाल दिवा, हात खाली झुकलेला; मग तीन सेकंद हिरवा दिवा, तेवढ्यात हात उचलून एक गोळी. कोल्हापूरच्या राही सरनोबत याच प्रकारातल्या. २०१८ सालच्या आशियाई स्पर्धेत पालेम्बांग येथे अंतिम फेरीत त्यांची आणि थायलंडच्या स्पर्धकाची ३४ गुणांवर बरोबरी झाली, शूट-ऑफ झाला, तोही बरोबरीत सुटला, आणि दुसऱ्या शूट-ऑफमध्ये राहीताईंनी सुवर्णपदक घेतले. त्या फेरीतील प्रत्येक गोळीला वाट्याला आलेला काळ तीन सेकंदांचा होता. आम्ही वर्गात हे सांगितले तेव्हा एका मुलाने लगेच तीन सेकंद मोजून पाहिले आणि म्हणाला, ‘सर, एवढ्यात तर शिंकही येत नाही.’

आता आपल्या व्हरांड्याकडे येऊ. मुलुंड पश्चिमेला डोंगराच्या अंगाला आपले विद्यालय आहे हे माजी विद्यार्थ्यांना सांगायला नको. मुलांच्या वसतिगृहामागचा लांब व्हरांडा पूर्वी ओले कपडे वाळत घालण्याच्या कामी येई. लष्करातून निवृत्त झालेला आपला एक माजी विद्यार्थी काही वर्षांपूर्वी दोन एअर रायफली, छर्रे अडवणारी लोखंडी पेटी आणि हा टायमर घेऊन आला. त्याने फीत लावून दहा मीटर मोजले, भिंतीला जाड फळ्या ठोकल्या, येण्याजाण्याच्या दाराला आतून कडी बसवली, डोळ्यांवरचे चष्मे खुंटीला टांगले आणि मगच पहिला छर्रा भरू दिला. सुरक्षेचे जे नियम त्याने त्या दिवशी खडूने भिंतीवर लिहिले ते आजही पुसू दिलेले नाहीत. दर जूनमध्ये नवे विद्यार्थी त्यावरून पुन्हा खडू फिरवतात.

पहिले काही आठवडे टायमरने आमची करमणूक केली. एअर रायफलीचा आवाज काडतुसाच्या बंदुकीपुढे अगदीच दबका, म्हणून मायक्रोफोनची संवेदनशीलता वाढवावी लागते. ती वाढवली की यंत्र सर्वच ऐकू लागते. भोजनगृहात वाढप्याच्या हातून स्टीलची ताटे पडली, टायमरने तीन बार नोंदवले. गणपतीच्या दिवसांत रस्त्यावर फटाक्यांची माळ लागली, त्याची नोंद तर एवढी झाली की एका मुलाच्या नावावर जागतिक विक्रम व्हायचा. शेजारी दुसरा नेमबाज असेल तर त्याचा छर्राही हा आपल्याच खात्यात घालतो. अखेर संवेदनशीलतेची पायरी एकेक करून उतरवली, टायमर रायफलीच्या नळीजवळ उजव्या बाजूला टांगला, आणि एका वेळी एकानेच झाडायचे असा नियम केला. तेव्हा कुठे नोंदी खऱ्या होऊ लागल्या. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना साधनांची चिकित्सा शिकवायला याहून चांगले उदाहरण आम्हाला पूर्वी कधी मिळाले नव्हते: नोंद करणारा कुठे उभा होता, त्याला काय ऐकू येत होते आणि काय नको असताना ऐकू येत होते.

सावकाशीच्या खेळात सेकंद मोजणाऱ्या यंत्राचे काम काय, असा प्रश्न साहजिक आहे. आम्हीही तो विचारला. उत्तर त्या फौजी विद्यार्थ्याने दिले. नेम धरून ठेवण्याची शरीराची एक मुदत असते. रायफल स्थिरावल्यावर आठ-दहा सेकंदांच्या आत छर्रा सुटला तर ठीक. त्यापुढे श्वास कोंडतो, डोळ्यापुढचे वर्तुळ पुसट होते, दंडाचा स्नायू थरथरतो. पण नवशिक्याला वाटते, आणखी थोडे थांबलो तर नेम अधिक पक्का होईल. तो थांबतो, आणि शेवटी कंटाळून चाप ओढतो. टायमरला एक दुसरी सोय असते. पहिल्या बीपनंतर ठरावीक सेकंदांनी तो पुन्हा एकदा वाजतो. आम्ही ती मुदत पंधरा सेकंदांची लावली. पहिल्या बीपला रायफल उचलायची. दुसऱ्या बीपपर्यंत छर्रा सुटला नसेल तर चापावरचे बोट काढायचे, रायफल खाली उतरवायची, दोन श्वास घ्यायचे आणि पुन्हा आरंभ करायचा. उतरवणे म्हणजे हार नव्हे, हे मुलांच्या गळी उतरवायला पाऊण वर्ष लागले. गोराईच्या पॅगोड्यात मुलांसाठी होणाऱ्या आनापान शिबिराला जाऊन आलेल्या काहींना ते लवकर कळले, असा आमचा अनुभव आहे. श्वास येतो तसा पाहायचा, ओढून धरायचा नाही, ही गोष्ट त्यांच्या अंगवळणी होती.

याच वर्गात घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरातील एक विद्यार्थिनी होती. इयत्ता आठवी, बोलणे कमी, हात स्थिर. तिचे ‘मधले’ आम्ही वहीत उतरवीत असू. चांगला छर्रा लागला की पुढचा चाळीस-पंचेचाळीस सेकंदांत जाई. एखादा छर्रा सातच्या वर्तुळात गेला की पुढचा मधला वेळ दीड मिनिटावर पोचे, त्याच्या पुढचा दोन मिनिटांवर. गुणपत्रिका पाहून हे कळले नसते. तिथे फक्त सात, आठ, नऊ असे आकडे दिसतात. तो सात तिच्या मनात किती वेळ राहत होता, हे टायमर सांगत होता. तिला आम्ही काही उपदेश केला नाही. वही तिच्यापुढे ठेवली. तिने स्वतःच तांबड्या पेनाने ते लांब आकडे गोल केले आणि विचारले, ‘सर, हे कमी करायचेत की सात कमी करायचेत?’

सत्राच्या अखेरीस तिची आजी भेटायला आली. पोरीच्या तोंडून बंदूक हा शब्द घरी प्रथमच गेला होता.

घाटकोपर पूर्वेच्या त्या वस्तीत ११ जुलै १९९७ रोजी काय घडले हे या स्मरणिकेच्या वाचकांना ठाऊक आहे. पण पुढच्या पिढीतील वाचकांसाठी लिहून ठेवले पाहिजे. पहाटे बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला दिसला. लोक जमले, महामार्गावर आले. राज्य राखीव पोलीस दलाच्या तुकडीने गोळीबार केला. दहा माणसे मृत्युमुखी पडली. चार दिवसांनी मुलुंडला राहणारे शाहीर विलास घोगरे यांनी आपले जीवन संपवले. आनंद पटवर्धन यांच्या २०११ सालच्या ‘जय भीम कॉम्रेड’ या चित्रपटाचा आरंभ तेथून होतो. गॅसचे टँकर पेटवले जाणार होते म्हणून गोळ्या झाडाव्या लागल्या, असा बचाव झाला. न्यायमूर्ती गुंडेवार यांच्या चौकशी आयोगाने तो मान्य केला नाही आणि गोळीबार असमर्थनीय ठरवला. तुकडीच्या अधिकाऱ्याला २००९ साली सत्र न्यायालयाने दोषी ठरवून जन्मठेप सुनावली. थोड्याच दिवसांत उच्च न्यायालयातून जामीन झाला.

आजीबाई खुर्चीवर बसल्या नाहीत. ‘जय भीम सर,’ म्हणाल्या आणि उभ्यानेच पुढे बोलल्या, ‘आमच्या दारात लोकं पडलेली मी पाहिलीत. आमच्या घरात तो आवाज पुन्हा नको. तुम्ही पोरीला शिकवा, डॉक्टर करा, वकील करा. हे नको.’

आम्ही त्यांना नियमावली दाखवली असती, एअर रायफलीला कायद्याने परवाना लागत नाही असे सांगितले असते, तर ते अगदीच बाष्कळ झाले असते. आम्ही म्हटले, ‘आजी, पोरीने वर्ग सोडावा असे तुम्ही म्हणत असाल तर उद्यापासून ती येणार नाही. पण एकदा पाहून जा.’ त्या आल्या नाहीत. मुलगीही चार महिने व्हरांड्यात आली नाही.

दरम्यान पालक सभेत हा विषय निघालाच. दोन बाजूंनी हरकत होती, आणि दोन्ही बाजूंच्या माणसांविषयी आम्हाला आदर आहे. एका ज्येष्ठ उपासकांचे म्हणणे, जे विद्यालय सकाळी पंचशील ग्रहण करते तिथे मुलांच्या हातात शस्त्र देणे शोभत नाही. दुसऱ्या बाजूचे म्हणणे आजीबाईंचेच होते, फक्त अधिक तीव्र शब्दांत. एका तरुण पालकाने उलट एकलव्याचा अंगठा काढला. एकलव्याचा अंगठा हा आपल्या भाषणांतून इतका वापरला गेला आहे की तो आता खरोखर दुखत असेल की नाही याची आम्हाला शंका येते. तरी त्या पालकाचा मुद्दा चुकीचा नव्हता: एका चांगल्या मॅच रायफलीची किंमत लाखांत जाते, कातडे आणि जाड कापडाचा तो कडक कोट, बूट, छर्रे, प्रवास, हा खेळ कोणाच्या मुलांचा राहिला आहे हे उघड आहे. पण त्याला अपवादही आहेत. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचे स्वप्निल कुसाळे शिक्षकाचे पुत्र, राज्य शासनाच्या निवासी क्रीडा प्रबोधिनीत वाढलेले, त्या वेळी रेल्वेत तिकीट तपासनीस. त्यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल तीन स्थिती प्रकारात कांस्यपदक मिळवले. त्या प्रकारातील ते भारताचे पहिले ऑलिंपिक पदक. निवासी संस्था हा शब्द आपल्या कानांना परका नाही, म्हणून हे उदाहरण सभेत आम्ही दिले.

शीलाच्या प्रश्नावर आम्ही ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाकडे वळलो. बाबासाहेबांनी तिथे अहिंसेचा विचार करताना मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला आहे, आणि बुद्धाने अहिंसा हे तत्त्व म्हणून सांगितले, आंधळा नियम म्हणून नव्हे, असे मांडले आहे. कागदाच्या लक्ष्याला छिद्र पाडण्यात ना इच्छा आहे ना गरज. उपासकांनी शांतपणे ऐकले आणि म्हणाले, ‘कागदाचे ठीक. पण हाताला जी सवय लागते ती कागदावर थांबेल याची हमी कोण देणार?’ हा प्रश्न सोपा नाही. सभेत त्याचे उत्तर आमच्यापाशी नव्हते.

इतिहास मात्र आमच्यापाशी होता. बंदूक आणि वेळ यांचा आपल्या समाजाशी आलेला संबंध जुना आहे. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावला बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्रीच्या ज्या बटालियनमध्ये महार शिपाई लढले, त्यांच्या हातात चकमकीच्या बंदुका होत्या. काडतूस दाताने फाडायचे, कानात दारू भरायची, उरलेली दारू नळीत ओतायची, गोळी ठासायची, खांद्याला लावायची. कसलेला शिपाई मिनिटाला दोन किंवा तीन बार काढी. ही प्रत्येक क्रिया हुकुमाच्या शब्दावर होत असे. म्हणजे शिपायाच्या हाताचा वेळही त्याचा नव्हता, तो हुकूम देणाऱ्याचा होता. पुढे १८९०च्या दशकाच्या आरंभी महारांची लष्करभरतीच बंद झाली. गोपाळबाबा वलंगकर आणि नंतर शिवराम जानबा कांबळे यांनी अर्ज लिहिले, विनंत्या केल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रजी फौजेत एका मिनिटात तीनशे यार्डांवर पंधरा नेमके बार काढण्याची कसोटी आली तेव्हा त्या मिनिटात आपला माणूस नव्हता. १९१७ साली उभारलेली १११वी महार पलटण युद्ध संपताच १९२१ साली मोडली गेली. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, त्यासाठी बाबासाहेबांनी किती पाठपुरावा केला हे आपण जाणतो. स्वतः त्यांचे वडील लष्करी शाळेतले शिक्षक होते. गरज लागली की बंदूक हाती द्यायची आणि गरज संपली की काढून घ्यायची, हा व्यवहार दोन वेळा झालेला आहे. त्याची आठवण असणाऱ्या समाजाने बंदूक म्हणजे केवळ वाईट अशी एका ओळीची भूमिका घेऊ नये, असे आमचे मत आम्ही सभेत मांडले. ते सर्वांना पटले असे नाही.

निर्णय लांबणीवर पडला. वर्षावासात विद्यालयात आलेल्या भन्तेजींना मुलांनी व्हरांडा दाखवला. भन्तेजी बराच वेळ पाहत राहिले. एका मुलाने रायफल उचलली, पंधरा सेकंद झाले, बीप वाजली, त्याने उतरवली. पुन्हा उचलली, पुन्हा उतरवली. तिसऱ्या खेपेस छर्रा सुटला. टायमरच्या पडद्यावर एकच आकडा आला. भन्तेजींनी विचारले, ‘दोनदा थांबला त्याची नोंद कुठे आहे?’

नोंद नव्हती. मायक्रोफोनला आवाज कळतो. न झालेला आवाज त्याला कळत नाही. त्या रात्री आम्ही बराच वेळ याचा विचार करीत होतो. किती गोळ्या झाडल्या गेल्या हे रिकाम्या काडतुसांवरून मोजता येते. दोन गोळ्यांच्या मध्ये किती काळ गेला, त्या काळात बोट बाजूला घेता आले असते का, हे काडतूस सांगत नाही. ११ जुलैच्या सकाळविषयी आपण इतकी वर्षे जे विचारीत आलो ते नेमके हेच आहे. आणि उपासकांच्या प्रश्नाचे उत्तर असलेच तर तेही इथेच कुठेतरी होते: हाताला सवय लागणारच असेल तर ती दोन्ही लागायला हव्यात, सोडण्याची आणि न सोडण्याची, आणि दुसरीचा हिशेब पहिलीइतकाच काटेकोर हवा.

दुसऱ्या दिवशी वहीत एक नवा रकाना आखला: ‘उतरवली’. हे यंत्राचे काम नव्हे, म्हणून ते बाजूला बसलेल्या मुलाने डोळ्यांनी पाहून लिहायचे. एक झाडणार, एक लिहिणार, मग पाळी बदलणार. मुलांनी यातही चढाओढ काढलीच. दर छर्ऱ्याला चार-चारदा उतरवून मोठा आकडा दाखवणारा एक महाभाग निघाला. त्याला छर्रा सोडणे हेही कर्तव्य आहे हे समजावून सांगावे लागले. पण महिन्याभरात आकडे स्थिरावले. तीस छर्ऱ्यांमागे पाच-सहा वेळा उतरवणारी मुले सर्वांत चांगले गुण मिळवतात, आणि एकदाही न उतरवणारी सर्वांत मागे राहतात, असे आमच्या वहीपुरते तरी दिसते.

कार्यकारिणीने नंतर काही अटींवर वर्ग चालू ठेवण्यास मान्यता दिली. पालकांची लेखी संमती. फक्त एअर रायफल. ११ जुलैला व्हरांडा बंद. शेवटची अट आम्हीच सुचवली होती.

आजीबाई आल्या त्या फेब्रुवारीतल्या एका रविवारी, नातीला खाऊ द्यायला म्हणून. मुलीनेच त्यांना हाताला धरून व्हरांड्यापर्यंत आणले. आम्ही त्या वेळी तिथे नव्हतो. निरोप आल्यावर गेलो तेव्हा त्या दाराबाहेर बाकावर बसल्या होत्या आणि आत एक मुलगा झाडत होता. पहिल्या छर्ऱ्याला त्यांचे खांदे आखडलेले आम्ही पाहिले. दुसऱ्यालाही. आवाज होता तो साधा, पुस्तक जमिनीवर आपटावे तसा. पाचव्या-सहाव्या छर्ऱ्यानंतर त्यांनी विचारले, ‘तो मधेच बंदूक खाली का ठेवतो?’

नातीने सांगितले. वही दाखवली. आजीबाईंना अक्षरओळख आहे, आकडे चांगले कळतात; त्या घरकाम करीत महिन्याचे हिशेब डोक्यात ठेवणाऱ्यांपैकी. त्यांनी ‘उतरवली’च्या रकान्यावरून बोट फिरवले. मग टायमर हातात मागितला. आम्ही दिला. त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला, आणि काय मनात आले कोण जाणे, बाकावर ठेवून त्याच्यापुढे एक टाळी वाजवली. संवेदनशीलता एअर रायफलीपुरती वाढवलेली होती, यंत्र चालू होते. पडद्यावर आकडा उमटला.

‘माझी टाळी पण लिहिली का याने?’ त्या म्हणाल्या.

‘हो आजी.’

‘मग हे खोटं यंत्र आहे.’

मुले हसली, त्याही हसल्या. जाताना त्यांनी संमतीचा कागद घरी नेला. तो परत आला तेव्हा त्यावर सही होती आणि खाली मुलीच्याच अक्षरात, पण आजीच्या सांगण्यावरून लिहिलेले एक वाक्य होते: ‘घरी सराव करायचा नाही.’ ती अट मुलीने पाळली. बंदुकीशिवाय, काठी खांद्याला लावूनही सराव करता येतो, आणि मोबाइलवरही आता शॉट टायमर मिळतो. तरी ती घरी करीत नाही.

चार महिन्यांच्या खंडाने तिचे गुण घसरले होते. ‘मधले’ मात्र आश्चर्यकारक रीतीने सारखे झाले होते. वाईट छर्ऱ्यानंतरचा वेळ आणि चांगल्या छर्ऱ्यानंतरचा वेळ यांत आता दहा-बारा सेकंदांहून अधिक फरक पडत नाही. तिने गेल्या हिवाळ्यात शालेय स्पर्धेत भाग घेतला, पदक मिळाले नाही, क्रमांक मधलाच आला. स्पर्धेत मुलांना आपला टायमर नेऊ देत नाहीत आणि ते योग्यच आहे. भिंतीवरच्या मोठ्या घड्याळाकडे तिने किती वेळा पाहिले असे आम्ही विचारले. दोनदा, असे तिने सांगितले. कितीदा उतरवली, हे मात्र तिला तोंडपाठ होते. अकरा.

फौजी विद्यार्थ्याने दिलेल्या टायमरचे एक बटण आता नीट लागत नाही, ते पेन्सिलच्या टोकाने दाबावे लागते. माजी विद्यार्थी संघाने दुसरा देऊ केला आहे. त्यांना आमची विनंती आहे की नवा टायमर जरूर द्यावा, पण त्याआधी दोन जोडी चष्मे द्यावेत. जुन्यांच्या काचांवर ओरखडे फार झाले आहेत. वह्या विद्यालयाच्या भांडारातून मिळतात. सध्या चौथी चालू आहे. आधीच्या तीन ग्रंथालयात इतिहासाच्या कपाटात, खालच्या फळीवर ठेवल्या आहेत. ज्यांना पाहायच्या असतील त्यांनी ग्रंथपालांकडून किल्ली घ्यावी.